गाठ काढली, पण बरणी कुठंय?

जिभेच्या कडेला हरभऱ्याएवढी गाठ. लेकरू सात-आठ वर्षांचं. दुखत नाही, खाणंपिणं नीट. भूल, एक छेद, गाठ बाहेर, तीन टाके, अर्ध्या तासात काम उरकतं. पुढं त्या गाठीचं काय होतं? बऱ्याचदा ती गॉजमध्ये गुंडाळून दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जाते. "साधीच होती" असं सांगितलं की आईबाप मोकळे, डॉक्टर मोकळे.

साधी असेलही. लेकरांच्या तोंडातल्या बहुतेक गाठी साध्याच निघतात. पण मज्जातंतूंच्या गाठी, म्हणजे श्वानोमा, न्यूरोफायब्रोमा, ग्रॅन्युलर सेल ट्यूमर, म्युकोसल न्यूरोमा, वरून एकमेकींसारख्याच दिसतात. वर साधी त्वचा, आत टणक गोळी. यातली एक काढली की विषय संपतो. दुसरी अंगभरच्या आजाराची पहिली खूण असते. तिसरी तर थायरॉईडच्या कॅन्सरची आगाऊ सूचना असते. कोणती कुठली ते फक्त सूक्ष्मदर्शकाखाली कळतं, आणि तिथं पोचायला गाठ बरणीत पडावी लागते.

शब्दापासूनच घोळ सुरू होतो. आपल्याकडं रक्तवाहिनीलाही नस म्हणतात आणि मज्जातंतूलाही नसच. "नसेची गाठ आहे" म्हटलं की घरच्यांना वाटतं कापली की रक्त थांबायचं नाही, नाहीतर तोंड वाकडं होईल. म्हणून पहिल्याच बोलण्यात सांगावं: ही रक्ताची नस नाही, चव आणि स्पर्श कळवणारी बारीक तार आहे. तारेवर प्लास्टिकचं वेष्टण असतं तसं मज्जातंतूवर श्वान पेशींचं वेष्टण असतं. त्या वेष्टणाची गाठ म्हणजे श्वानोमा. ती तारेला बाजूला ढकलून वाढते, आणि तिला स्वतःचं पातळ आवरण असतं. न्यूरोफायब्रोमात वेष्टण, तार आणि मधलं भरण सगळं एकात एक कालवलेलं असतं. शस्त्रक्रियेत हाच फरक भारी पडतो. श्वानोमा हरभऱ्याच्या घाट्यातून दाणा सुटावा तसा सुटून येतो आणि मज्जातंतू बहुधा वाचवता येतो. न्यूरोफायब्रोमा काढणं म्हणजे पिठात कालवलेलं मीठ वेचणं. गाठीसोबत तारेचा तुकडा जाणार, तेवढ्या भागाला बधिरपणा येणार, आणि हे आधी सांगितलं नसेल तर नंतर भांडण ठरलेलं.

अंगभरच्या श्वानोमांपैकी २५ ते ४५ टक्के डोक्यात आणि मानेत होतात, तोंडाच्या आत मात्र जेमतेम १ टक्का. तोंडातली त्यांची आवडती जागा जीभ. बहुतेक रुग्ण मोठ्या वयाचे असतात, त्यामुळं लेकरात ही गाठ कुणाच्या डोक्यातच येत नाही. येऊ नये हेही ठीकच. खालच्या ओठावर फुटून पुन्हा भरणारी निळसर गाठ लाळेची असते. जिभेखाली बेडकाच्या पोटासारखी फुगते ती रॅन्युला. दात जिथं गाल चावतात त्या रेषेवर फायब्रोमा, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी खरखरीत ती पॅपिलोमा. हे सगळं मज्जातंतूच्या गाठींपेक्षा कितीतरी जास्त दिसतं. म्हणून आधी तेच धरून चालावं, पण खुर्चीवरच दोन-तीन गोष्टी करून पाहाव्यात.

काचेची स्लाइड गाठीवर दाबा. रंग उडून फिकट झाली तर आत रक्त आहे. लेकरू रडताना गाठ फुगते का हे आईला विचारा; फुगत असेल तर रक्तवाहिन्यांची गाठ समजून सुरीपासून लांब राहा आणि आधी रक्तप्रवाह दाखवणारी डॉपलर सोनोग्राफी करून घ्या. शंका असेल तर १८ किंवा २० नंबरच्या सुईनं ओढून पाहा. चिकट द्रव आला तर लाळ, लालभडक रक्त आलं तर तिथंच थांबायचं. काहीच आलं नाही आणि गोळी बोटांखाली टणक, सरकती लागली, तर श्वानोमाचं नाव यादीत वर घ्या. दाबल्यावर विजेचा झटका बसावा तशी कळ उठत असेल आणि तिथं आधी जखम किंवा टाके झाले असतील, तर ती तुटलेल्या तारेच्या टोकाची गाठ, ट्रॉमॅटिक न्यूरोमा.

एक जागा मात्र वेगळी धरायची. जिभेच्या अगदी मागं, बरोबर मधोमध लालसर गोळा दिसला तर मानेची सोनोग्राफी होईपर्यंत हातही लावू नका. ती खाली न उतरलेली थायरॉईड असू शकते, आणि पुष्कळदा लेकराकडं तेवढीच थायरॉईड असते. काढली की जन्मभर गोळी.

घरगुती उपायांचंही सांगितलं पाहिजे. चामखीळ समजून गाठीला घोड्याचा केस बांधतात, चुना लावतात, क्वचित डाग देतात. चुन्यानं तोंडाची त्वचा भाजते आणि वर पांढरा थर धरतो. मग गाठीचं मूळ रूपच हरवतं. जखम भरायला दोन आठवडे थांबल्याशिवाय तपासण्यात अर्थ नसतो. रागावून उपयोग नाही, कारण रागावलं की पुढच्या वेळी सांगत नाहीत. काय लावलं, कधी लावलं ते विचारून तपासणीच्या फॉर्मवर लिहा. पॅथॉलॉजिस्टला ते लागतं.

गाठ तोंडात असली तरी शर्ट काढून लेकरू पाहायचं. हे दातांच्या दवाखान्यात होत नाही. पाठ, पोट, मांड्या बघा. दुधाच्या चहाच्या रंगाचे सपाट डाग किती आहेत ते मोजा, नुसतं "आहेत" लिहू नका. वयात येण्याआधी ५ मिलिमीटरपेक्षा मोठे ६ किंवा जास्त डाग असले तर न्यूरोफायब्रोमॅटोसिस प्रकार १ चा, म्हणजे मज्जातंतूंवर जागोजाग गाठी आणणाऱ्या जनुकीय आजाराचा, विचार करायलाच हवा. ५ मिलिमीटर म्हणजे साधारण तुरीच्या दाण्याएवढं. वयात आल्यावर हेच माप १५ मिलिमीटर. काखेत आणि जांघेत बारीक तिळांसारखे ठिपके आहेत का तेही बघा, उन्हं न लागणाऱ्या जागी असे ठिपके उगाच येत नाहीत. घरी लोक या डागांना लाख किंवा जन्मखूण म्हणतात आणि शुभही मानतात, त्यामुळं "त्वचेचा काही आजार आहे का" विचारलं तर उत्तर "नाही" येतं. "अंगावर लाखं किती आहेत" असं विचारा.

हा आजार साधारण ३००० जन्मांमागं एकाला होतो, आणि निम्म्या रुग्णांत आईबापांपैकी कुणालाच तो नसतो. जनुकात बदल नव्यानं झालेला असतो. त्यामुळं "आमच्या घराण्यात असलं काही नाही" हा पुरावा धरता येत नाही. तोंडात जीभ एका बाजूनं जाड होणं, जिभेवरचे लाल दाणे मोठे दिसणं, दातांच्या पूर्ण एक्स-रेत खालच्या जबड्यातली मज्जातंतूची नळी रुंद दिसणं, या त्याच्या खुणा. बोटाखाली सुतळीचा गुंता लागावा अशी पसरट गाठ असेल तर ती प्लेक्सिफॉर्म न्यूरोफायब्रोमा. तिला दातांच्या खुर्चीवर हात घालायचा नाही. ती रक्ताळ असते, हद्द सापडत नाही, आणि पुढं आयुष्यात तिच्यातून कर्करोग होण्याची शक्यताही असते. अचानक वाढ, दुखणं किंवा कडकपणा आला तर वाट बघू नये. न काढता येणाऱ्या अशा गाठींसाठी सेलुमेटिनिब नावाचं औषध २०२० मध्ये अमेरिकेत २ वर्षांवरच्या मुलांसाठी मंजूर झालं. महाग आहे, पण असं औषध आहे हे घरच्यांना ठाऊक असावं.

आता काढण्याबद्दल. १ सेंटिमीटरच्या आतली, सुटी, जिभेच्या पुढच्या भागातली गाठ आणि ऐकणारं लेकरू असेल तर जागेवरच्या भुलेत काम होतं. भुलेचं औषध २ टक्के लिग्नोकेन म्हणजे मिलिलिटरला २० मिलिग्रॅम. लेकरासाठी मर्यादा किलोला ४.४ मिलिग्रॅम धरा. १५ किलोच्या लेकराला ६६ मिलिग्रॅम, म्हणजे ३.३ मिलिलिटर, त्याच्या वर थेंब नाही. आपल्याकडं ३० मिलिलिटरची बाटली उघडून सिरिंजमध्ये ओढायची सवय आहे. कार्ट्रिज, म्हणजे भुलेची तयार भरलेली कुपी, मोजता येते, बाटलीत मोजदाद राहत नाही. तीन वेळा "अजून थोडं" झालं की मर्यादा कधी ओलांडली ते कळत नाही. आधी वजन करा, आकडा काढा, तेवढंच ओढून ठेवा.

सुई गाठीत घालायची नाही, भोवती थोडं लांब द्यायची. गाठीत भूल भरली की पेशी फुगतात, फाटतात, आणि स्लाइडवर भलतंच दिसतं. जिभेच्या टोकातून रेशमाचा एक टाका घालून जीभ पुढं ओढून धरली की काम सोपं होतं आणि रक्तस्रावही आटोक्यात राहतो. त्वचेवर सरळ छेद, मग बोथट कात्रीनं भोवतीचं मोकळं करत जायचं. आवरण दिसलं की घाई नको. दातेरी चिमट्यानं गाठ पकडणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक, कारण चिरडलेल्या पेशी ओळखू येत नाहीत. गाठीतूनच एक टाका घेऊन तिला त्या दोऱ्यानं उचला. लहान गाठ कॉटरीनं (विजेवर तापणाऱ्या टोकानं) किंवा लेझरनं काढू नका. कडा जळाल्या की पूर्ण निघाली का याचं उत्तर कुणीच देऊ शकत नाही. विरघळणारे ४-० चे टाके पुरतात. भूल उतरेपर्यंत, म्हणजे दोन-तीन तास, खायला काही नाही. बधिर जीभ लेकरं चघळतात आणि टाक्यांपेक्षा मोठी जखम करून घेतात.

आता बरणी. बरणी रुंद तोंडाची हवी. इंजेक्शनच्या बाटलीत गाठ कोंबून आत जाते, पण फॉर्मलीननं, म्हणजे गाठ सडू नये म्हणून घालायच्या द्रवानं, कडक झाली की बाहेर येत नाही, मग फोडाफोडी होते. द्रव १० टक्के फॉर्मलीन: बाजारातलं फॉर्मलीन १ भाग, पाणी ९ भाग. १ लिटर करताना १०० मिलिलिटर फॉर्मलीन, ९०० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी, ४ ग्रॅम सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट आणि ६.५ ग्रॅम डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट घातलं की ते आम्ल होत नाही. हे क्षार नसले तर काही दिवसांनी द्रव आम्ल होतो आणि स्लाइडवर तपकिरी कण बसतात. तयार मिळतं तेच घेतलं तर बरं. गाठीच्या किमान १० पट द्रव हवा. हरभऱ्याएवढ्या गाठीला २० मिलिलिटर भरपूर झालं. फॉर्मलीन तासाला साधारण १ मिलिमीटरच आत शिरतं, म्हणून मोठी गाठ एक दिवस तरी त्यात राहू द्या.

सलाइनमध्ये पाठवलेली गाठ म्हणजे वाया गेलेली गाठ. परभणी-नांदेडचा मे महिना, एसटीतली पिशवी, पाचसहा तासांचा प्रवास. तोवर आतलं सडायला लागलेलं असतं. फ्रीजमध्ये बर्फ करून पाठवणं त्याहून वाईट, बर्फाचे खडे पेशी फाडतात. फॉर्मलीनमध्ये असली तर थंडाव्याची गरजच नाही. पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत फॉर्मलीन कधीही भरू नका. ते पाण्यासारखं दिसतं, विषारी आहे, आणि ज्या घरात ती पिशवी जाणार तिथं लेकरं आहेत. झाकणाला चिकटपट्टी, वर दोन पिशव्या. नाव झाकणावर नाही, बरणीच्या अंगावर, झाकणं बदलतात. आत चिठ्ठी टाकायची तर पेन्सिलीनं लिहिलेली, शाई विरघळते.

फॉर्मवर "गाठ, जीभ" एवढंच लिहून पाठवणाऱ्याला पॅथॉलॉजिस्टकडून नेमकं उत्तर मागायचा हक्क नाही, असं माझं मत आहे. वय, जागा, डावी की उजवी, माप, किती दिवसांपासून, आवरण होतं का, अंगावर डाग किती, ओठ कसे आहेत, आधी काय लावलं. नऊ ओळी. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात, तसंच लातूर-नांदेडच्या दंत महाविद्यालयांत तोंडाच्याच गाठी पाहणारे पॅथॉलॉजी विभाग आहेत. जवळच्या सर्वसाधारण लॅबपेक्षा अशा गाठी तिथं पाठवाव्यात.

याचं कारण एकच गाठ पटवून देते. ग्रॅन्युलर सेल ट्यूमर, १९२६ मध्ये अब्रिकोसॉफ यांनी वर्णिलेली, जिभेवर होते. आहे साधी. पण तिच्या वरची त्वचा अनेकदा अशी जाड होऊन आत बोटं घालते की वरवरचा तुकडा पाहिला तर स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे तोंडाचा नेहमीचा कॅन्सर, वाटतो. आपल्या भागात तंबाखू-गुटख्याचे कॅन्सर रोज पाहून डोळा तसाच तयार झालेला असतो. दहा वर्षांच्या, तंबाखूला न शिवलेल्या मुलाच्या जिभेचा रिपोर्ट "कॅन्सर" आला, तर मोठ्या शस्त्रक्रियेआधी ब्लॉक (तुकडा बसवलेला मेणाचा ठोकळा) आणि स्लाइड मागून घ्या आणि दुसऱ्या डोळ्यांना दाखवा. तुकडा त्वचेच्या खालपर्यंत घेतलेला होता का ते विचारा. दाणेदार पेशी खाली असतात, वर नाही.

श्वानोमाच्या रिपोर्टमध्ये अँटोनी ए, अँटोनी बी, व्हेरोके बॉडी हे शब्द येतात. ही पेशींच्या मांडणीची नावं, घाबरण्यासारखं काही नाही. शाळेत प्रार्थनेला पोरं ओळीत उभी राहावीत तशी पेशींची केंद्रकं रांगेत दिसतात, ती व्हेरोके बॉडी. १९१० मध्ये ज्यांनी ती दाखवली त्यांचं नाव. एस-१०० या प्रथिनाची रंगचाचणी पॉझिटिव्ह म्हणजे पेशी मज्जातंतूच्या वेष्टणाकडच्या, एवढाच अर्थ. तो कॅन्सरचा आकडा नाही. पूर्ण निघालेला श्वानोमा सहसा परत येत नाही.

रिपोर्टवर "म्युकोसल न्यूरोमा" लिहून आलं तर मात्र त्याच दिवशी फोन करायचा. जाडसर, गाठाळ ओठ, जिभेच्या टोकावर आणि कडांवर भिजवलेल्या साबुदाण्यासारखे दाणे, एकाहून जास्त. अशा लेकरात एमईएन २ बी हा, अनेक ग्रंथींत गाठी आणणारा जनुकीय आजार शोधायचा. यात रेट नावाच्या जनुकात बदल असतो, ९५ टक्के रुग्णांत तो ९१८ क्रमांकाच्या जागी. यातला थायरॉईडचा मेड्युलरी कॅन्सर पहिल्या वर्षातच सुरू होऊ शकतो. म्हणूनच हा बदल सापडलेल्या बाळाची थायरॉईड वर्षाच्या आत काढण्याची शिफारस आहे. प्रत्यक्षात निदान उशिरा होतं, कारण बहुतेकांत घरात आधी कुणालाच हा आजार नसतो, आणि खुणा एकेकट्या पाहिल्या तर निरुपद्रवी वाटतात. तान्हेपणी रडताना डोळ्यांतून पाणी न येणं. जन्मापासून हट्टी बद्धकोष्ठ. उंच, किडकिडीत अंग, लांब बोटं. "मामावर गेलंय" म्हणून घरात विषय संपतो. दाणे दुखत नाहीत, ओठ जाड म्हणून शाळेत चिडवतात, त्यामुळं आईबाप "दिसायला बरं दिसावं" म्हणून ओठ बारीक करायला आणतात. तिथंच ओळखायची संधी असते, आणि तिथंच ती हुकते.

संशय असेल तर रक्तात कॅल्सिटोनिन (या कॅन्सरमध्ये वाढतं ते) आणि रेटची तपासणी. त्यासाठी जांभळ्या झाकणाच्या नळीत २-३ मिलिलिटर रक्त पुरतं. सगळं जनुक वाचायची गरज नाही, आधी एक्सॉन १६ हा त्यातला तुकडा मागितला तरी चालतं. आणि पूर्ण भूल देण्याआधी मेटानेफ्रिनची तपासणी झालीच पाहिजे. या आजारात निम्म्या लोकांना पुढं मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत फिओक्रोमोसायटोमा, म्हणजे रक्तदाब वाढवणारी गाठ, होतो; मेटानेफ्रिनच्या तपासणीत तो कळतो. तो माहीत नसताना भूल दिली तर टेबलावर रक्तदाब आभाळाला भिडतो.

तान्ह्या बाळाच्या दोन गाठी थोडक्यात. जन्मताच वरच्या हिरडीवर देठाला लोंबणारी गुलाबी गाठ, जास्त करून मुलींत, ही जन्मजात एप्युलिस. सूक्ष्मदर्शकाखाली ग्रॅन्युलर सेल ट्यूमरसारखीच दिसते, पण एस-१०० निगेटिव्ह. दूध ओढता येत असेल तर थांबता येतं, कधी ती आपोआप आक्रसते. नाहीतर देठाशी कापली की परत येत नाही. दुसरी वरच्या जबड्यातली, निळसर-काळपट, आठवड्यागणिक वाढणारी, दात सरकवणारी: मेलॅनोटिक न्यूरोएक्टोडर्मल ट्यूमर. "दात येतोय" म्हणून महिनाभर वाट बघत थांबू नका. ती साधी असली तरी हाड खाते आणि काही बाळांत पुन्हा येते.

पैशांचं आधी विचारा. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक ० ते १८ वयाच्या मुलांना पुढं पाठवू शकतं, तिथून चिठ्ठी घेतली तर वाट सोपी होते. जनआरोग्य योजनेत काय बसतं ते दाखल होण्याआधी आरोग्यमित्राला विचारा, नंतर नाही.

रिपोर्ट यायला आठ-दहा दिवस लागतात, तोवर टाके विरघळलेले असतात आणि घरचे सोयाबीन नाहीतर कापसात गुंतलेले. म्हणून पहिल्याच दिवशी दोन फोन नंबर घ्या, एक घरचा, एक आशाताईंचा. रिपोर्टचा फोटो दोन्ही बाजूंनी काढून द्या, आणि ब्लॉकचा नंबर लेकराच्या लसीकरणाच्या कार्डवर लिहून ठेवा. ते कार्ड घरात जपलं जातं. पुढं शंका आली आणि लॅबनं ब्लॉक जपलेला असला, तर त्याच मेणातल्या तुकड्याची नवी चकती कापून पुन्हा एस-१०० करता येतं, रेटसुद्धा बघता येतं.